चारचौघांचे भय

गणेशचतुर्थी आली की घरोघरी पाहुण्यांची ये-जा सुरू होते आणि तिच्यामागोमाग एक जुना हुकूमही सुटतो : “बाळ, काकांना अथर्वशीर्ष म्हणून दाखव !” बहुतेक मुले म्हणतात, मोदक घेतात आणि पळतात. परंतु एखादे मूल आईच्या पदराआड शिरते, घामाघूम होते. “लाजाळू आहे हो,” म्हणून सारे हसतात. त्या हसण्याविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे. कारण त्यात आमचाही वाटा आहे.

काही वर्षांपूर्वी उत्सवातील कीर्तनात, पूर्वरंग चालू असता, आम्ही समोर बसलेल्या १२-१३ वर्षांच्या एका मुलास उभे केले व अर्धा सोडलेला श्लोक पुरा करावयास सांगितले. श्लोक त्यास येत होता. आमच्याकडेच तो संस्कृत शिकत असे. पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना. आम्ही एक कोटी केली, सभामंडप हसला, आणि आम्ही पुढे निरूपणाकडे वळलो. तो मुलगा त्यानंतर देवळात आला नाही. वर्गात हात वर करणे त्याने सोडले, पुढे लग्नकार्यास जाणेही सोडले. हे त्याच्या मातोश्रींनी पुष्कळ दिवसांनी सांगितले, तेही तक्रार म्हणून नव्हे.

सभाकंप आम्हांसही ठाऊक आहे. चाळीस वर्षे नारदांच्या गादीवर उभे राहूनही उपरणे बांधताना हात गार पडतात. नमन संपेतो ते पूर्ववत होतात. त्या मुलाचे भय निराळे. ते प्रसंगाच्या आधी कित्येक दिवस झोप उडविते आणि प्रसंग सरल्यावरही ‘लोक काय म्हणाले असतील’ या विचाराने मन कुरतडते. असा मनुष्य कोणी पाहत असेल तर पंगतीत जेवताना, कागदावर सही करतानाही बिचकतो. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या निदानग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत यास विकार म्हणून स्थान दिले. बहुधा किशोरवयात त्याचा आरंभ होतो, म्हणून घरच्यांस तो वयाचा दोष वाटतो.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. थिजणे, घाम, आवाज फाटणे, कापरे, चेहरा उतरणे ही सारी त्या मुलाचीच लक्षणे. हे भाव मनातून उपजतात. मान वळवावी तसे हुकमाने आणता येत नाहीत. मग “धीट हो” म्हटल्याने ते आवरावे तरी कसे ?

मांडवात न येणाऱ्यास ‘शिष्ट’ म्हणणारे आमचे काही स्नेही आहेत. त्यांचे म्हणणे आम्हांस साफ अमान्य आहे. मात्र अशा माणसास कायम माजघरात लपू देणे हीही दया नव्हे. टाळलेला प्रसंग मनात वाढतच जातो. मानसोपचारात त्यास पायरीपायरीने लोकांसमोर आणतात, त्याचे भयाचे विचार त्याच्याकडूनच तपासून घेतात. जरूर तेथे औषधेही असतात. केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालते. नवस अवश्य बोलावा, तज्ज्ञाकडेही जावे.

घरच्या उत्सवात दूर्वा निवडणे, गंध उगाळणे ही कामे अशा मुलास द्यावीत, आणि मग एखाद्या दिवशी आरतीची झांज. आरतीत साऱ्यांची दृष्टी मूर्तीकडे असते.

गेल्या भाद्रपदात शेजारतीस तो मुलगा, आता चांगला तरुण, मागच्या खांबाशी उभा होता. हातात झांज होती. आम्ही मुद्दाम तिकडे पाहिले नाही.