तिबेटी वरणफळं आणि मिठाचा चहा



दिवाळीचा फराळ संपत आला की तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडजवळ स्वेटरवाल्यांची पालं उभी राहतात. लांब झगा आणि पुढे पट्ट्यापट्ट्यांचा रंगीत पदर बांधलेल्या बाया तिथं बसलेल्या असतात. आपण त्यांच्याशी घासाघीस करतो, पोरांसाठी कानटोपी घेतो आणि ‘नेपाळी लोक’ म्हणून मोकळे होतो. ते नेपाळी नव्हेत, तिबेटी. त्यांतले काही तर तुमच्या-माझ्यासारखे याच महाराष्ट्रात भात लावणारे शेतकरी आहेत, हे किती जणांना ठाऊक आहे?

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुका आहे. झाडीपट्टीतला, तळ्यांचा आणि धानाचा मुलूख. तिथं इटियाडोह धरणाच्या बाजूला गोठणगाव आहे, आणि गोठणगावाशेजारी तिबेटी निर्वासितांची वसाहत. नाव नॉर्ग्येलिंग. आसपासची माणसं मात्र ‘तिबेटी कॅम्प’ एवढंच म्हणतात. १९५९ साली दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्या मागोमाग हजारो माणसं हिमालय ओलांडून आली. कर्नाटकात बैलकुप्प्याला १९६० मध्ये त्यांची पहिली शेतकरी वसाहत झाली. आपल्याकडची ही १९७२ सालची. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता, गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला. पावसाळ्यात धान आणि दिवाळीनंतर स्वेटर, अशा दोन पायांवर या लोकांनी संसार उभे केले.

मी मूळचा कोकणातला. दापोलीला बी.एस्सी. कृषी झालो आणि पहिली नेमणूक मिळाली ती थेट अर्जुनीला. साल १९९४. मृगाच्या तोंडाला गावोगाव धानाच्या बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. तुम्हाला ती माहीत आहेच. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात बी ओतून ढवळायचं, वर तरंगणारं पोचट बी काढून टाकायचं, तळाचं वजनदार बी चांगल्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवायचं. हे प्रात्यक्षिक मी कॅम्पातल्या एका अंगणात केलं. लोकांनी मन लावून पाहिलं. काम संपल्यावर घरच्या म्हातारबाईनं मला ओसरीवर बसवून चहा दिला.

एक घोट घेतला आणि माझा चेहरा उतरला. चहा खारट होता, वर लोण्याचा तवंग. पहिला विचार मनात आला तो असा, की आपल्याच बादलीतलं पाणी चुकून चहाला वापरलं की काय! लवकर सुटका व्हावी म्हणून डोळे मिटून सगळा कप गटागटा संपवला. बाईनं हसून तो पुन्हा काठोकाठ भरला. तो कसाबसा अर्धा केला, तर पुन्हा भरला. शेवटी ती आत गेल्याचं पाहून मी उरलेला चहा ओसरीखालच्या मिरचीच्या वाफ्यात ओतला, आणि एस.टी.चं निमित्त सांगून निघालो. वळून पाहिलं तर ती दारात उभी होती. तिनं पाहिलं की नाही, ते कळलं नाही. पुढे दोन वर्षं त्या तालुक्यात होतो. कॅम्पात कामाला जायचो, पण त्या ओसरीकडे फिरकलो नाही.

गेल्या माघात अर्जुनीला आमच्या जुन्या घरमालकीणबाईंच्या नातवाचं लग्न होतं. आम्ही दोघं गेलो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सौ. म्हणाली, “तुमचा तो मिठाचा चहा कुठं मिळतो ते तरी दाखवा.” तीस वर्षांत ही गोष्ट तिनं माझ्याकडून पन्नासदा ऐकलेली.

कॅम्पात आता सिमेंटचे रस्ते आहेत. ज्या घराची ओसरी मला आठवत होती, तिथंच पुढच्या खोलीत छोटं हॉटेल निघालेलं. चार टेबलं, त्यांवर फुलाफुलांचं प्लास्टिक, भिंतीवर दलाई लामांचा फोटो आणि त्याला पांढरं रेशमी वस्त्र घातलेलं. फळ्यावर खडूनं लिहिलं होतं : मोमो, थुकपा, थेनथुक, टिंगमो, चहा. दोन टेबलांवर कॅम्पातलीच माणसं जेवत होती, एकावर जवळच्या गावचे दोन ट्रॅक्टरवाले. पन्नाशीची एक बाई पुढे आली. हात जोडून “ताशी देलेक” म्हणाली. हा त्यांचा राम राम.

सौ. माळकरी आहे, म्हणून आधीच स्पष्ट विचारलं. तुम्हीही अशा ठिकाणी गेलात तर लाजू नका, विचारा. आणि नुसतं “व्हेज आहे का” असं विचारून भागत नाही. वर भाजी तरंगत असली तरी खालचा रस्सा पुष्कळदा हाडं उकळून केलेला असतो. बाईला राग वगैरे आला नाही. ती आम्हाला सरळ आत घेऊन गेली आणि भाजीचं वेगळं पातेलं, वेगळी चाळण दाखवली. गोंदियाकडची हिंदी आणि झाडीची मराठी यांची मिसळ बोलत होती.

आधी थेनथुक आलं. मोठ्या वाडग्यात वाफाळणारा पातळ रस्सा, त्यात मुळा, पालक, बटाटा आणि अंगठ्याच्या नखाएवढे कणकेचे चपटे तुकडे. सौ.नं चमचा बुडवला आणि म्हणाली, “अहो, ही तर वरणफळं!”

खरंच की. आमच्या त्या घरमालकीणबाई दर पावसाळ्यात वरणफळं करायच्या. देशावर याच पदार्थाला चकोल्या म्हणतात. फरक एवढाच, की आपण फळं लाटून कापतो आणि डाळीच्या वरणात सोडतो. हे लोक कणकेची पट्टी हातावर घेऊन बोटांनी ओढून तोडतात आणि उकळत्या रश्श्यात फेकतात. ‘थेन’ म्हणजे ओढणं, असं बाईनं सांगितलं. हळद नाही, हिंग नाही, डाळ नाही. आपल्या जिभेला पहिल्या घासाला सपक वाटतं, तिसऱ्या घासाला बरं वाटतं.

सौ.नं करण्याची रीत लिहून घेतली, ती माझ्या भगिनींसाठी इथं देतो. पाव किलो कणीक चिमूटभर मीठ घालून, पोळीच्या कणकेपेक्षा जरा सैल मळावी. तेलाचा हात लावून अर्धा तास झाकून ठेवावी. पातेल्यात चमचाभर तेलावर कांदा, आलं, लसूण आणि एक टोमॅटो परतावा, सहा-सात पेले पाणी घालावं, मुळ्याच्या व बटाट्याच्या पातळ फोडी टाकून शिजू द्याव्यात. मग कणकेच्या लांब पट्ट्या करून, एकेक पट्टी मनगटावर टाकून तिचे तुकडे ओढून उकळत्या पाण्यात सोडावेत. तुकडे वर तरंगू लागल्यावर तीन-चार मिनिटं उकळून शेवटी पालक किंवा मुळ्याचा पाला चिरून घालावा. चौघांचं जेवण होतं, आणि तेल लागतं एक चमचा. आजारातून उठलेल्या माणसाला, म्हाताऱ्यांना फार चांगलं. मुळ्याचा पाला आपण गुरांना टाकतो, तो इथं माणसांच्या पोटात जातो, हे मला विशेष आवडलं.

मोमो तर आता तुमच्या पोरांनाही माहीत झालेत. शहरात हातगाड्यांवर मिळतात, हल्ली तालुक्याच्या गावीही. पण गाडीवरचा तळलेला, पांढऱ्या मेयोनीजमध्ये बुडवलेला मोमो निराळा आणि हा निराळा. पारी काठाला पातळ आणि मध्ये जाड लाटायची, म्हणजे सारणाच्या वजनानं बूड फाटत नाही. सारण कोबी-कांद्याचं. ॲल्युमिनियमच्या तीन मजली भांड्यात दहा-बारा मिनिटं वाफ द्यायची, की पारी थोडी पारदर्शक दिसू लागते. मोदकपात्रच म्हणा ना! सौ.नं एक करून पाहिला. उकडीच्या मोदकाची सवय हाताला, त्यामुळं वर नाक काढलेला मोदकच झाला. बाई इतकी हसली, की तो मोमो तिनं कॅम्पातल्या गिऱ्हाइकांना नेऊन दाखवला.

सोबत लाल चटणी होती. सौ.नं ती चाखली आणि थबकली. जीभ जराशी बधिर होऊन चुणचुणते, तसा स्वाद. “ह्यात तिरफळ आहे,” ती म्हणाली. लग्नाआधी, माळ घालण्यापूर्वी, माहेरी बांगड्याच्या आमटीत तिरफळ ठेचून घालायची, तो वास कसा विसरेल! बाईनं डबा उघडून दाखवला. आपल्या तिरफळाहून बारीक दाणे. त्यांच्या भाषेत येर्मा. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं दोन्ही एकाच प्रजातीकुळातली, झँथोझायलमची. एक कोकणच्या रानातलं, दुसरं हिमालयाकडचं. ही दोन भावंडं मला गोंदियात एका टेबलावर भेटावीत, याचं नवल वाटलं.

कोबीवरून एक आठवलं, सांगूनच टाकतो. बाई कोबी आणते जवळच्या शेतकऱ्याकडून. वरची पानं चाळणीसारखी झालेली. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी, दुसरं कोण! कोबी लावणाऱ्यांनी दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावाव्यात. पतंग मोहरीवर अंडी घालायला जातो आणि फवारणी कमी लागते. फवारणी केलीच, तर डब्यावर लिहिलेले दिवस गेल्याशिवाय गड्डा काढू नका. तो कोणाच्या तरी मोमोत जायचा असतो.

जेवता जेवता मी विचारलं, तिबेटात हेच खात होतात का? बाईचा जन्म इथलाच. पण आई सांगायची, म्हणाली, तिकडं रोजचं खाणं म्हणजे त्साम्पा. त्साम्पा म्हणजे आपलं सातूचं पीठ. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरवरच्या त्या पठारावर धान होत नाही. थंडी सोसणारा सातू तेवढा होतो. तो तापल्या वाळूत भाजायचा, जसे आपले भडभुंजे फुटाणे भाजतात, आणि मग दळायचा. वाडग्यात चहा, लोणी आणि हे पीठ घालून बोटांनी मळायचं आणि गोळे करून खायचे. झाडीपट्टीत आल्यावर सातूच्या माणसांना धानाची माणसं व्हावं लागलं. चिखलणी, रोवणी, सगळं पहिल्यापासून. म्हाताऱ्यांना भातानं पोट भरल्यासारखंच वाटत नसे, ती म्हणाली. आपल्याकडे ज्वारीच्या माणसाला दुष्काळात मिलो खावा लागला तेव्हा काय झालं होतं, ते जुन्या माणसांना आठवत असेल.

आता तिची दोन्ही मुलं बाहेर आहेत, एक बंगळूरला आणि एक परदेशात. शेत वाट्यानं दिलंय. “तुमच्या गावात काय वेगळं आहे?” तिनं विचारलं. मी काही बोललो नाही. माझ्या गावच्या घराला दोन वर्षांपासून कुलूप आहे.

शेवटी तिनं विचारलं, “चहा? गोड आणू?” सौ.नं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “नाही, मिठाचा.” आणि मग राहवेना, म्हणून मिरचीच्या वाफ्याची सगळी गोष्ट सांगून टाकली. खाली मान घालून सांगितली.

बाई क्षणभर माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “ते तुम्ही? आई मरेपर्यंत सांगायची! म्हणायची, एक पोरगा साहेब आला होता. धानाला मिठाचं पाणी दिलं ते दिलं, जाता जाता माझ्या मिरचीलाही देऊन गेला.”

“मिरच्या जगल्या का?” मी विचारलं.

“चार रोपं मेली,” ती म्हणाली, आणि चहा आणायला आत गेली.

या चहाची पत्ती विटेसारख्या वडीची असते. ती फोडून खूप वेळ उकळून काळा अर्क काढतात, त्यात मीठ आणि लोणी घालून उंच लाकडी नळकांड्यात रवीनं ताक घुसळावं तसं घुसळतात. तिकडं लोणी याकच्या मादीचं, इथं गाई-म्हशीचं. हल्ली घुसळण्याचं काम मिक्सर करतो. कोरड्या, बोचऱ्या थंडीत ओठ फुटू नयेत आणि अंगात ऊब राहावी, म्हणून ही योजना. चहा म्हणून प्याल तर फसाल. मिठाचं पातळ सार समजून प्यालं की बरं लागतं.

कपाची रीतही मला त्या दिवशी कळली. पाहुण्याचा कप रिकामा दिसता कामा नये, म्हणून प्रत्येक घोटानंतर यजमान तो भरतो. नको असेल तर कप भरलेला तसाच समोर ठेवायचा. निघताना मात्र संपवायचा. मी तेव्हा गटागटा पीत होतो आणि ती बिचारी मला फार आवडला म्हणून भरत होती!

आम्ही तासभर बसलो. ती दर घोटाला भरत होती, मी सावकाश पीत होतो. सौ.नं अर्धा कप घेतला आणि तोंड वाकडं न करता ठेवून दिला. बाहेर अर्जुनीच्या एस.टी.चा भोंगा वाजला, तेव्हा मी कप उचलला, तळापर्यंत संपवला आणि पालथा न घालता टेबलावर ठेवला. ओसरीखाली वाफा अजून आहे. त्यात मिरच्याच लावलेल्या होत्या.