घर विकायचंय? आधी गच्चीवर जा!

भवानी पेठेत एप्रिल लागला की घराघरात दोन विषय निघतात. एक, कूलरच्या जाळ्यांमधलं गवत बदलायचं. दुसरा, हे घर विकून जुळे सोलापूरकडे फ्लॅट घ्यायचा. पहिला विषय रविवारी संपतो. दुसरा पाऊस पडेपर्यंत चालतो आणि पुढच्या एप्रिलला पुन्हा सुरू होतो. पण प्रत्येक वर्षी एखादं घर खरंच विकलं जातं, आणि बऱ्याचदा मिळायला हवं त्यापेक्षा कमी भावात. कारण घेणाऱ्याला माहीत असतं की इथं उकडतं, आणि एजंटला माहीत असतं की कागद नीट नाहीत.

या दोन्ही गोष्टी घर विकण्याआधी दुरुस्त करता येतात. आणि ते काम आईबाबांपेक्षा आपल्याला, म्हणजे कॉलेजात जाणाऱ्यांना, जास्त जमण्यासारखं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

उकाड्यापासून सुरुवात करू. इंटरनेटवर ‘घराचं इन्सुलेशन’ शोधलंत तर भिंतीत लोकर भरा, खिडक्यांना दुहेरी काच लावा, असले सल्ले मिळतील. ते थंडीच्या देशातले आहेत. तिथं घरातली ऊब बाहेर जाऊ द्यायची नसते. आपलं उलटं आहे, बाहेरची आग आत येऊ द्यायची नाही. आणि ती येते कुठून? सोलापूर साडेसतरा अक्षांशाच्या जरासं वर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, ज्याला आपण शून्य सावली म्हणतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात भर दुपारी भिंतींपेक्षा कितीतरी जास्त ऊन छत खातं. त्यात पेठेतली घरं एकमेकांना चिकटून, दोन बाजूंच्या भिंती शेजाऱ्याच्या सावलीत. उघडं पडतं ते फक्त छत.

आता आपलं छत कसं असतं बघा. उघडा, काळपट स्लॅब, कोपऱ्यात कॉलमच्या सळया वर आलेल्या. ‘पुढंमागं वरचा मजला चढवायचाय’ म्हणून वीस वर्षं त्यावर ना वॉटरप्रूफिंग, ना रंग. असा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळनंतर हळूहळू खाली सोडतो. म्हणून बाहेर वारा सुटला तरी रात्री दहा वाजता खोलीत पंखा गरम हवाच फिरवतो. पत्र्याचं वेगळं आहे. तो पटकन तापतो, पटकन निवतो. दुपारी भट्टी, पहाटे बरं. तुमच्या घराला नेमका कुठला त्रास आहे हे ओळखल्याशिवाय उपाय करायला जाऊ नका.

आपल्याकडची जुनी घरं थंड होती हे आजी सांगते ते खोटं नाही. लाकडी तुळया-फळ्यांवर जाड पांढऱ्या मातीचं माळवद असायचं. माती उष्णता लवकर आत येऊ देत नाही. पण माळवदाचं गोडवं गाताना एक गोष्ट आपण विसरतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हीच जड छतं आणि दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि हजारो लोक गेले. त्या भागात अशा घरांची धास्ती बसली ती उगाच नाही. त्यामुळे ‘परत मातीकडे चला’ असं मी म्हणणार नाही. पत्रा आणि स्लॅब जीव वाचवायला आले, ते राहू द्या. मातीनं दिलेली सावली मात्र आपण दुसऱ्या रीतीनं परत आणू शकतो.

सगळ्यात स्वस्त रीत म्हणजे चुना. पांढरा ताजा थर पडलेलं छत निम्म्याहून जास्त ऊन परत पाठवतं आणि खोलीत दोन-तीन अंशांचा फरक पडतो. ऐकायला कमी वाटतं, पण झोप लागणं आणि न लागणं यातला फरक साधारण तेवढाच असतो. विरवलेला चुना गाळून घ्यायचा, धरून राहावा म्हणून त्यात व्हाईट सिमेंट किंवा फेविकॉलसारखा डिंक मिसळायचा आणि मोठ्या ब्रशनं दोन हात द्यायचे. त्याआधी स्लॅब खरवडून झाडून घ्या, भेगा भरा. चुन्याची कळी घरी विरवणार असाल तर डोळे सांभाळा, चष्मा-हातमोजे घाला. हा जोक नाही, चुन्यानं डोळा जाऊ शकतो. चुना पावसात धुपतो, धुळीनं काळवंडतो, म्हणून दरवर्षी होळीनंतर पुन्हा. पैसे असतील तर गच्चीसाठीचा पांढरा रंग मिळतो, तो काही वर्षं टिकतो. त्याहून टिकाऊ म्हणजे पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचं चायना मोझॅक. पण त्याचं वजन असतं. जुन्या स्लॅबवर ते टाकायच्या आधी इंजिनिअरला दाखवा. आणि गळती थांबवायला काळं डांबरी शीट अंथरत असाल तर निदान त्यावर पांढरा हात मारा, नाहीतर गळती बंद आणि तवा चालू.

गच्चीवर पाणी मारायचा उपाय मी मुद्दाम लिहीत नाहीये. ज्या शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथं तो सल्ला देणं बरं दिसत नाही.

पत्र्याच्या घरांसाठी एक कळकळीची विनंती. पत्र्याखाली थर्माकोल लावू नका. ज्या घरात माग आहे, कापसाचे बारीक तंतू उडतात आणि वायरिंग जुनं आहे, तिथं थर्माकोल म्हणजे डोक्यावर टांगलेलं जळण. पत्रा वरून पांढरा रंगवा. खाली छत करायचंच तर सहज पेट न घेणाऱ्या शीटचं करा आणि दोन्हीच्या मधे हवा खेळायला जागा सोडा, टोकाला झरोके ठेवा.

हे सगळं जगावेगळं अजिबात नाही. अहमदाबादनं २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्माघात रोखण्याचा आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छतं पांढरी करायला घेतली. तेलंगणानं एप्रिल २०२३ मध्ये चक्क ‘कूल रूफ’ धोरण जाहीर केलं. ते जाहीर करणारे तेव्हाचे मंत्री के. टी. रामाराव हे सिरसिल्लाचे आमदार, म्हणजे मागवाल्यांच्याच गावचे. भवानी पेठेतल्या अनेक पद्मशाली घरांचे नातेवाईक त्या बाजूला आहेत. लग्नाला जाता तेव्हा जरा त्यांच्या गच्च्याही बघून या.

इतकं करूनही घर विकायचंच असेल तर विका. कुटुंब वाढतं, भावाभावांत वाटण्या होतात, नोकरी पुण्यात लागते. घर विकणं गुन्हा नाही. पण मग दुसरं काम हाती घ्या, कागदांचं.

पेठेतल्या घराचा मुख्य कागद म्हणजे सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका. ती काढा आणि मालकाच्या जागी कुणाचं नाव आहे ते वाचा. पुष्कळ घरांत तिथं अजून आजोबा किंवा पणजोबा असतात. महापालिकेच्या कराच्या पावतीवर बाबांचं नाव आहे, म्हणून बाबा मालक, असं होत नाही. वारस नोंद करून घ्यावी लागते आणि त्याला वेळ लागतो. गिऱ्हाईक दारात उभं असताना ही धावपळ सुरू झाली की भाव पडलाच म्हणून समजा. कारण ‘कागद क्लिअर नाहीत’ हे एकच वाक्य बोलून समोरचा लाखभर सहज कमी करतो. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर जुने व्यवहार दिसतात, मिळकत पत्रिकाही ऑनलाइन मिळते. हे फॉर्म बाबांना किचकट वाटतात. आपण परीक्षेचे फॉर्म भरून भरून तयार झालोय.

वारस म्हटलं की आत्या आली. इथं मला थोडं परखड लिहायचंय. घर विकायची वेळ आली की आत्याला फोन जातो, ‘एक सही पाहिजे, ये.’ कशावर सही, ते सांगत नाहीत. आजोबांनी स्वतःच्या कमाईनं बांधलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसारच मुलीचा वाटा मुलाइतका आहे. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची अट नाही, हे सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. तिला हक्क सोडायचा असेल तर ती हक्कसोडपत्र करून, समजून-उमजून, नोंदणी करून सोडेल. नसेल सोडायचा तर तिला पैसे द्या. घरात हा विषय कुणी काढत नाही, कारण काढला की ‘तुला काय कळतंय’ ऐकावं लागतं. ऐका, पण काढा. यातल्या व्यावहारिक भागासाठी बाबांना एवढंच सांगा की आत्याला वगळून केलेला व्यवहार उद्या कोर्टात गेला, तर घेणारा आधी आपल्या दारात येईल.

पैशाचं थोडक्यात. विसार रोख घेऊ नका. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्यानं मनाई आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो. घर दोन वर्षांपेक्षा जास्त काळ आपलं असेल तर नफ्यावर दीर्घ मुदतीचा भांडवली कर लागतो. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला १२.५ टक्के, किंवा महागाई वजा करून २० टक्के, यातलं जे कमी बसेल ते निवडता येतं. त्या नफ्यातून दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर सूट मिळते. सीएकडे व्यवहाराआधी जा, नंतर नाही.

आणि फ्लॅट बघायला जाल तेव्हा एजंट सकाळी अकराला बोलावेल. तुम्ही मे महिन्यात दुपारी चारला जा. वरच्या मजल्याचा असेल तर छताला हात लावून बघा आणि गच्चीवर कुठला रंग आहे ते विचारा.