बाबांची शाळा

मैत्रिणींनो, एक कबुली देते. दोन-तीन आठवड्यांपूर्वी एका रविवारी आमच्या ‘ह्यां’नी धाकट्याला आंघोळ घातली. कानामागे साबण तसाच राहिला, झबलं उलटं घातलं. मी लगबगीनं बाळ काढून घेतलं आणि म्हटलं, “राहू द्या, तुम्हाला नाही जमायचं!” हे काही बोलले नाहीत. पण पुढच्या रविवारी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही.

त्यानंतर आफ्रिकेतल्या रवांडा देशाविषयी वाचनात आलं नि चपापलेच. १९९४ च्या भीषण नरसंहारात होरपळलेला हा चिमुकला देश. तिथं तरुण बापांसाठी ‘बांदेबेरेहो’ नावाचे वर्ग चालवले गेले. ह्या शब्दाचा अर्थ, ज्याच्याकडे पाहून शिकावं असा माणूस. शिकवणारे कुणी मोठे पंडित नव्हेत बरं का! गावातलेच बाप, थोडं शिक्षण घेतलेले. पुरुषांसाठी पंधरा बैठका, त्यांतल्या आठांना बायकोनंही यायचं. बायकोचं गरोदरपण, बाळाची देखभाल, घरकाम, पैशाचे निर्णय, दारू, मारहाण अशा सगळ्या विषयांवर मोकळेपणी बोलायचं.

ह्या वर्गांची पाहणीही झाली. सुमारे बाराशे जोडपी घेतली, निम्म्यांना वर्ग, निम्म्यांना नाही. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्गाला गेलेले बाप मुलांना नि घरकामाला जास्त वेळ देऊ लागले होते. त्याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. वर्ग न मिळालेल्या घरांत वर्षभरात नवऱ्याचा मार खाल्लेल्या बायका शंभरात ५७ होत्या, तर वर्ग झालेल्या घरांत ३३. तेहतीसही काही थोड्या नव्हेत! पण इतका फरक नुसत्या बोलण्या-शिकण्यानं पडतो, हे काय कमी आहे?

मारकुट्या नवऱ्याचा दोष बायकोच्या माथी मारायचा नाही हं. पण ज्या घरी बाप आपणहून हात पुढे करतो, तिथं आपणच तो मागे ढकलत नाही ना? आपल्याला तरी पहिल्या दिवशी कुठं जमलं होतं? आईनं, सासूबाईंनी शेजारी बसून शिकवलं. ह्यांना कोण शिकवणार?

ह्या रविवारी मी बंब पेटवला, टॉवेल काढून ठेवला आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. झबलं पुन्हा उलटंच होतं. मी मात्र तोंड उघडलं नाही!