रोटरी इंजिन खरेच नाजूक असते का?



गेल्या उन्हाळ्यात मी माझी स्कूटर घेऊन मोमिनपुऱ्यातील एका गॅरेजमध्ये बसलो होतो. तेथे काम शिकणारा एक मुलगा मोबाइलवर मोटारशर्यतीचा खेळ खेळत होता. त्याची लाडकी गाडी होती माझदा आरएक्स-७. खेळता खेळता त्याने विचारले, “उस्ताद, हिचे इंजिन गोल फिरते म्हणतात; पण ते टिकत नाही. खरे आहे का?” उस्ताद हात पुसत म्हणाले, “मी ते कधी उघडले नाही. जे उघडले नाही, त्याबद्दल मी बोलत नाही.”

मला हे उत्तर फार आवडले. मीही ते इंजिन उघडलेले नाही. परंतु त्याच्याविषयी बरेच वाचले आहे, म्हणून माझे मत तुमच्यापुढे ठेवतो. पटले नाही तर जरूर वाद घाला.

माझदा हे नाव नागपूरकरांना स्वराज माझदाच्या ट्रकांमुळे आणि मिनीबसमुळे ठाऊक आहे. त्या गाड्यांत साधे डिझेल इंजिन असे. त्यात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर-खाली होतो. रोटरी इंजिनात दट्ट्याच नसतो. भुईमुगाची दोन दाण्यांची, खूप फुगीर शेंग डोळ्यांसमोर आणा. तसा एक पोकळ साचा असतो. त्यात फुगीर कडांच्या समोशासारखा लोखंडी तुकडा फिरतो. त्याला रोटर म्हणतात. त्याच्या तीन टोकांवर तीन बारीक पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यांना सील म्हणतात. सील साच्याच्या भिंतीला घासत फिरतात आणि पेटलेला वायू एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जाऊ देत नाहीत.

झडपा नाहीत, वर-खाली होणारे धक्के नाहीत, मोजकेच भाग. इंजिन लहान, हलके आणि वेगवान. स्पोर्ट्‌स कारला आणखी काय हवे? फेलिक्स वँकेल या जर्मन तंत्रज्ञाचे हे इंजिन १९५७ मध्ये प्रथम चालले, तेव्हा अनेकांना वाटले की आता पिस्टनचे दिवस भरले.

पण सारा भार त्या बारीक पट्ट्यांवर होता. जर्मनीच्या एनएसयू कंपनीने १९६७ मध्ये ‘आरओ ८०’ ही सुंदर मोटार आणली. पुढच्याच वर्षी तिला युरोपातील ‘कार ऑफ द इयर’ हा मान मिळाला. मात्र लवकरच सील झिजू लागले. कंपनी वॉरंटीत इंजिने बदलून देत राहिली. असे सांगतात की या गाडीचे दोन मालक रस्त्यात भेटले, तर हात हलवण्याऐवजी बोटे दाखवत. जितकी बोटे, तितकी इंजिने बदललेली! एनएसयूला हा खर्च झेपला नाही. १९६९ मध्ये ती फोक्सवॅगनच्या समूहात विलीन झाली.

जपानमध्ये हिरोशिमाच्या माझदा कंपनीलाही हाच त्रास झाला. साच्याच्या आतल्या भिंतीवर सीलच्या थरथरीने ओरखडे उमटत. तेथील तंत्रज्ञांनी त्यांना नाव दिले ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’. केनिची यामामोतो यांनी सत्तेचाळीस जणांच्या गटासह वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि कार्बन व अॅल्युमिनियम यांच्या मिश्रणाचे सील बनवले. १९६७ मध्ये त्यांची ‘कॉस्मो’ ही स्पोर्ट्‌स कार विक्रीला आली. १९६८ मध्ये त्यांनी दोन कॉस्मो गाड्या जर्मनीत ८४ तासांच्या शर्यतीत उतरवल्या. एक चौथी आली. दुसरी ब्याऐंशीव्या तासाला बाद झाली. पण तिचा आस मोडला होता, इंजिन नव्हे.

पुढे १९९१ मध्ये फ्रान्समधील ल मान्स येथील २४ तासांची शर्यत माझदाच्या ‘७८७ बी’ या रोटरी गाडीने जिंकली. तिने ३६२ फेऱ्या मारल्या. ही शर्यत जिंकणारी ती पहिली जपानी गाडी.

मग हे इंजिन नाजूक कसे? येथे दोन शब्द नीट पाहू. ‘मजबूत’ हा शब्द उर्दूत आणि मराठीत सारखाच आहे. ‘टिकाऊ’ हा शब्द वेगळा. उर्दूत त्याला पायदार म्हणता येईल. चोवीस तास जिवाच्या आकांताने धावले, ते इंजिन मजबूत. वीस वर्षे रोज दूध आणायला, शाळेत सोडायला, कधी मालकाच्या विसरभोळेपणातही धावले, ते टिकाऊ. रोटरी इंजिन मजबूत आहे, हे ल मान्सने दाखवले. ते टिकाऊ आहे, असे मात्र त्यावरून ठरत नाही. शर्यतीच्या गाडीभोवती डझनभर कारागीर असतात. तुमच्या-माझ्या गाडीभोवती कोण असते?

या इंजिनाच्या काही सवयी समजून घ्यायला हव्यात. एक तर ते ऑइल पिते. आपण असे म्हटले की लगेच ‘इंजिन गेले’ असे ऐकू येते. पण येथे सील ओले राहावेत म्हणून थोडे ऑइल मुद्दाम आत सोडले जाते आणि जळते. म्हणून ऑइलची पातळी वरचेवर पाहावी लागते. दुसरे, पिस्टनच्या इंजिनात ताजी, थंड हवा आणि आग एकाच जागी आळीपाळीने येतात. रोटरीत साच्याची एक बाजू सदा थंड आणि दुसरी सदा तप्त. त्यामुळे पाणी कमी पडले, इंजिन तापले, की साचा वेडावाकडा होतो. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. सिग्नलवर उभ्या रोटरी गाडीची काय गत होईल, याची कल्पना करा! तिसरे, टर्बो लावलेल्या आरएक्स-७ मध्ये हौशी मालक हवेचा दाब आणखी वाढवतात. मग पेट्रोल अवेळी पेटते आणि सीलचा टवका उडतो. अशा वेळी दोष इंजिनाचा की हौसेचा?

तरी मी सगळा दोष मालकावर टाकणार नाही. येथे माझे मत रोटरीच्या चाहत्यांपेक्षा वेगळे आहे. ते म्हणतात, “काळजी घ्या, म्हणजे टिकेल.” पण रोज वापरायची वस्तू विकताना, माणूस विसरतो, आळस करतो, हे बनवणाऱ्याने धरूनच चालायला हवे. आरएक्स-८ ही गाडी २००३ मध्ये आली आणि २०१२ मध्ये बंद झाली. अमेरिकेत माझदाला तिच्या इंजिनाची हमी आठ वर्षे किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली. सगळेच मालक बेफिकीर होते, असे कसे म्हणणार?

हे इंजिन महाराष्ट्राला अगदीच परके नाही. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथील संरक्षण खात्याच्या वाहन संशोधन संस्थेने बंगळूरुच्या संस्थांबरोबर ‘निशांत’ या चालकरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे वँकेल इंजिन तयार केले. मार्च २००९ मध्ये कोलार येथे ते लावून विमान उडाले. तेथे हलकेपणाला मोल आहे, आणि उतरल्यावर विमान जाणत्या हातांत जाते. स्वतः माझदानेही २०२३ मध्ये एमएक्स-३० या गाडीत रोटरी पुन्हा आणले, ते चाके फिरवायला नव्हे, तर फक्त वीज तयार करायला. मला ही जागा या इंजिनाला अधिक शोभते असे वाटते.

त्या मुलाला मात्र मी स्वप्नापासून परावृत्त केले नाही. त्याला एवढेच सांगितले, की कधी जुनी आरएक्स-७ घेण्याचा योग आला, तर रंग पाहू नकोस. इंजिन गरम करून रोटरच्या तिन्ही कप्प्यांचा दाब वेगवेगळा मोजून घे. एक जरी फार कमी निघाला, तर समज की सील गेले. आणि विकणारा जर अभिमानाने म्हणाला, “मी या गाडीत कधी वरून ऑइल टाकलेच नाही,” तर त्याचा चहा प्यावा आणि परत यावे.

उस्ताद हसले. मग त्यांनी माझ्या स्कूटरची ऑइलची पट्टी बाहेर काढली, माझ्याकडे पाहिले आणि काही बोलले नाहीत.