टेबलावरचं फूल नको, ऑगस्टमधलं झाड बघा

ऑगस्ट लागला की आमच्या रोपवाटिकेत एकच तक्रार येते. हिवाळ्यात हौसेने नेलेल्या गुलाबाची पानं पिवळी पडून गळाली, कुंडीत नुसत्या काड्या उरल्या. गिऱ्हाईक मोबाइलवरचा फोटो पुढे करतं आणि विचारतं, "ताई, आमचं काय चुकलं? खत कमी पडलं का?" मांजरी ते उरुळी कांचन या पट्ट्यात गुलाबाचे डोळे भरणाऱ्या घरात मी लहानाची मोठी झाले, आज माझी स्वतःची रोपवाटिका आहे, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे. तुमचं काही चुकलेलं नाही. हा गुलाब आपल्या पावसासाठी निवडलेलाच नाही. आपल्या पावसात आणि आपल्या उन्हात पारखून निवडलेल्या फुलझाडांच्या जाती आपल्याकडे तयार झाल्या पाहिजेत, आणि त्यासाठी महाराष्ट्रात चाचणीची खुली मैदानं हवीत. हे काम लांबणीवर टाकण्यासारखं नाही.

गळालेलं पान हातात घेऊन बघा. गोलसर काळा डाग, त्याची कड फाटल्यासारखी आणि भोवती पिवळेपणा. ही बुरशी आहे. पान सातेक तास सलग ओलं राहिलं की ती रुजते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पान इतका वेळ कोरडं राहतं तरी कधी? मग आठवड्याला फवारणी आली. ती एकदा चुकली की झाडाची पानं उतरलीच. पानं गेली की झाडाला अन्न तयार करता येत नाही. अशा अशक्त झाडाची ऑक्टोबरात छाटणी केली की शेंडेमर लागते, फांदी वरून काळी पडत खाली वाळत येते. माणसाला वाटतं, आपल्या हाताला गुलाब लागत नाही. खरं तर रोग झाडाच्या कुळातच आहे.

तो कुळात कसा आला, याची नोंद आहे. युरोपातल्या बागांमधल्या हंगामात पुन्हा पुन्हा फुलणाऱ्या गुलाबांना एके काळी गडद पिवळा रंग नव्हता. फ्रान्समध्ये लियॉनजवळ राहणाऱ्या जोसेफ पेर्ने-ड्यूशे यांनी त्यासाठी पश्चिम आशियाच्या कोरड्या मुलखातला 'पर्शियन यलो' गुलाब संकरात आणला आणि बऱ्याच वर्षांच्या खटपटीनंतर १९०० मध्ये 'सोलेई दोर' ही जात बाजारात आली. आज दिसणाऱ्या पिवळ्या, केशरी, ज्वाळेसारख्या रंगांच्या गुलाबांमध्ये तेच रक्त आहे. त्या रंगासोबत काळ्या ठिपक्यांना बळी पडण्याचा दोषही आला. कोरड्या प्रदेशातल्या झाडाला ओल्या पानावरच्या बुरशीशी झुंजायची गरजच पडली नव्हती. पुढची शंभर वर्षं रंग, आकार आणि देठाची लांबी बघून निवड होत गेली. पानाची काळजी फवारणीच्या पंपावर सोडली गेली.

नवा गुलाब कसा होतो, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. आमच्या धंद्यात रोज चालतं ते डोळा भरण्याचं काम. खुंटाच्या सालीत धारदार चाकूने चीर द्यायची, हव्या त्या जातीचा डोळा बसवायचा आणि पट्टी बांधायची. त्यातून जुन्याच झाडाची हुबेहूब प्रत मिळते. नव्या जातीसाठी बी धरावं लागतं. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, आई म्हणून निवडलेल्या झाडावरची उमलायच्या बेतात असलेली कळी पहाटे गाठायची. पाकळ्या खुडायच्या आणि आतले पुंकेसर चिमट्याने एकूण एक काढायचे. एखादा जरी मागे राहून फुटला तरी फळ घरच्याच परागाचं धरतं आणि पुढची सगळी मेहनत वाया जाते. मग वर कागदी पिशवी. दुसऱ्या दिवशी कुक्षी चिकट होऊन चकाकायला लागली की बापाचा वाळवून ठेवलेला पराग बारीक ब्रशने लावायचा, पिशवी पुन्हा चढवायची आणि देठाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर आईचं नाव, बापाचं नाव, तारीख.

एप्रिल-मेपर्यंत फळ नारिंगी होतं. ऊन चढलं की बरीच फळं त्याआधीच गळतात. उरलेल्यांच्या बिया धुऊन, ओलसर कोकोपिटमध्ये घालून काही आठवडे फ्रिजमध्ये ठेवायच्या, कारण पुरेसा गारवा मिळाल्याशिवाय गुलाबाचं बी सहसा रुजत नाही. नंतरही रुजतात त्या थोड्याच. रुजलेलं रोप मात्र दीड-दोन महिन्यांत, बोटभर उंचीवरच पहिलं फूल दाखवतं. जगात कुणीही आधी न पाहिलेलं ते फूल असतं. निवडीचा सगळ्यात मोठा धोका नेमका याच क्षणी असतो. फुलाच्या मोहात पडून रोप ठेवलं जातं, त्याचं पान कुणी तपासत नाही.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचे विल्यम रॅडलर यांनी या मोहावर उपाय शोधला. काळ्या ठिपक्यांची पानं गोळा करून ते वाळवत, त्यांचा चुरा करत आणि आपल्या रोपांवर शिंपडत. त्यातून जे रोप हिरवं राहील त्याचाच पुढे विचार व्हायचा. त्यांचा 'नॉक आउट' गुलाब २००० मध्ये बाजारात आला आणि अमेरिकेत सर्वाधिक खपणाऱ्या गुलाबांत जाऊन बसला. प्रदर्शनात मान मिळावा असं त्याचं एकेक फूल नाही, पण साध्या माणसाच्या अंगणात तो फवारणीशिवाय फुलत राहतो. मीही माझ्या रोपांच्या वाफ्यात जूनमध्ये रोगट पानं अंथरते आणि पंप बंद ठेवते. ऑगस्टअखेर जी झाडं पानांनिशी उभी असतात त्यांचेच डोळे पुढच्या खुंटांवर भरते. देखणी फुलं देणारी कितीतरी रोपं या पावसात जातात, आणि ती जाऊ देणं हाच या कामाचा गाभा आहे.

एकट्या रोपवाटिकेच्या वाफ्यात मात्र हे काम पुरं होत नाही. माझ्या मातीत टिकलेलं झाड दापोलीच्या साडेतीन हजार मिलिमीटर पावसात टिकेल का, अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकल्यावर त्याच्या कळ्या जळतील का, हे मला इथे बसून कळणार नाही. जर्मनीत यासाठी 'एडीआर' ही चाचणी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झालेल्या या व्यवस्थेत नव्या गुलाबाची झाडं देशात निरनिराळ्या ठिकाणी लावतात, तीन वर्षं त्यांच्याकडे लक्ष ठेवतात आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तर त्यांच्यावर फवारणीही करत नाहीत. पॅरिसच्या बागातेल बागेत नव्या गुलाबांची स्पर्धा १९०७ पासून होते, तीही मातीत उभ्या असलेल्या झाडांची.

आपल्याकडे माणसांची वाण नाही. डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांनी तांबेऱ्याला तोंड देणारा गहू घडवला, १९६५ मध्ये ते भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले आणि त्याच माणसाने 'रोझ शरबत', 'दिल्ली प्रिन्सेस' यांसारखे गुलाबही दिले. कोडाईकॅनॉलला एम. एस. वीरराघवन आणि गिरिजा वीरराघवन या दांपत्याने तर उष्ण प्रदेशाचा गुलाब हेच आयुष्याचं काम मानलं. भारतीय प्रशासन सेवेतली नोकरी मुदतीआधी सोडून वीरराघवन या कामाला लागले. मणिपूरच्या डोंगरातला मोठ्या फुलांचा रोझा जायगँशिया आणि नदीकाठच्या दलदलीत वाढणारा रोझा क्लिनोफिला हे आपल्या देशातले रानगुलाब त्यांनी संकरात आणले. क्लिनोफिला पाण्यात पाय रोवून उभा राहणारा गुलाब आहे. आपल्या पावसासाठी याहून चांगला पूर्वज कुठला असणार? पण वाट सोपी नाही. या रानगुलाबांत गुणसूत्रं १४, बागेतल्या बहुतेक गुलाबांत २८. त्यांच्या संकरातून येणाऱ्या झाडांत बहुधा २१, आणि अशी झाडं सहसा बी धरत नाहीत. हा अडथळा ओलांडायला पिढ्यांमागून पिढ्या वाढवाव्या लागतात. इतक्या चिकाटीच्या कामाला सार्वजनिक आधार नको का?

सार्वजनिक संस्थेने आपल्या शेतकऱ्याच्या गरजेसाठी जात केली की काय होतं, हे निशिगंधाच्या शेतात दिसतं. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने एकेरी आणि दुहेरी निशिगंधाच्या संकरातून 'शृंगार' काढला आणि 'शृंगार' व 'मेक्सिकन सिंगल' यांच्या संकरातून 'प्रज्वल'. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना 'शृंगार' दाद देत नाही. सुट्या फुलांसाठी निशिगंध लावणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला 'प्रज्वल' हे नाव सांगावं लागत नाही. दसऱ्याच्या झेंडूत दिल्लीच्या संस्थेच्या 'पुसा नारंगी' आणि 'पुसा बसंती' यांनी असंच काम केलं आहे.

पॉलिहाउसवाल्यांशी माझं भांडण नाही. मावळातला शेतकरी व्हॅलेंटाइनच्या बाजारासाठी डच गुलाब लावतो तेव्हा त्याला लांब देठ आणि फुलदाणीत टिकणारी कळी हवी असते. वर प्लास्टिकचं छत असतं, पान पावसात भिजत नाही. त्याची गरज वेगळी, त्याची जात वेगळी. पण उघड्या रानातला गुलाब, देवळासमोरच्या हाराचा गुलाब, सोसायटीच्या गच्चीवरचा गुलाब यांचा वाली कोण?

फुलं ही चैन आहे, धान्याच्या संशोधनाला पैसा पुरत नाही तिथे गुलाबाला कुठून आणायचा, असं मला अनेकदा ऐकवलं जातं. असं ऐकवणाऱ्यांनी फुलबाजारात पहाटे हार ओवणाऱ्या बायकांचे हात आठवावेत. आठवड्याला औषध मारलेल्या पाकळ्या त्या दिवसभर हाताळतात. तीच फुलं देवाला वाहून प्रसाद म्हणून घरी येतात, पोरं पाकळ्या तोंडात टाकतात. उघड्या शेतात गुलाब करणाऱ्याचा फवारणीवरचा खर्च आणि त्याच्या नाकातोंडात जाणारं औषध हे दोन्ही जातीच्या निवडीशी बांधलेले आहेत. रोग न घेणारं झाड हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, कारण तो रोपासोबतच घरी येतो.

म्हणून मागणी नेमकी सांगते. दापोली, पुणे आणि अकोला अशा तीन हवामानांत नव्या फुलझाडांची चाचणी मैदानं उभी करा. कृषी विद्यापीठांची जमीन तिथे आहे, पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय पुण्यातच आहे. झाडं नावाने न लावता क्रमांकाने लावा, म्हणजे ती मोठ्या कंपनीची की कुणा हौशी मास्तरांची हे परीक्षकाला कळणार नाही. तीन पावसाळे बुरशीनाशक बंद. निकाल छापताना मेलेल्या झाडांचीही नोंद द्या. आणि प्रवेश सगळ्यांना खुला ठेवा, कारण नवा गुलाब गच्चीवरच्या कुंडीतही जन्मतो. 'नॉक आउट' असाच एका हौशी माणसाच्या घरी जन्मला.

याच मैदानावर हौशी माणसाला कायद्याची माहितीही मिळावी. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानुसार नव्या जातीची नोंदणी करता येते, आणि गुलाबासारख्या पिकाला १५ वर्षांपर्यंत संरक्षण मिळतं. त्यासाठी जात इतरांपेक्षा वेगळी, सगळ्या झाडांत सारखी आणि पिढ्यानपिढ्या तशीच राहणारी आहे हे सिद्ध व्हावं लागतं. नवी म्हणून नोंदवायची असेल तर अर्जाच्या आधी एक वर्षापेक्षा जास्त काळ ती देशात विकलेली चालत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे कष्टाने केलेली जात माणसं आधी बाजारात नेतात आणि हक्क गमावून बसतात.

मैदानं उभी राहायला वेळ लागेल, पण पहिलं पाऊल टाकायला सरकारची वाट बघायला नको. पुष्पप्रदर्शनं भरवणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे. आपली प्रदर्शनं जानेवारीच्या आसपास भरतात, जेव्हा कुठलाही गुलाब देखणा दिसतो, आणि बक्षीस मिळतं बाटलीत ठेवलेल्या एका फुलाला. रोपवाटिका मग त्याच फुलाच्या जातीची रोपं विकते आणि गिऱ्हाईक तीच घरी नेतं. एक वर्ग असा ठेवा की परीक्षक ऑगस्टमध्ये स्पर्धकाच्या बागेत जातील, फवारणी न केलेल्या झाडाची पानं मोजतील आणि त्यावर गुण देतील. बक्षीस जे मागेल तेच झाड आम्ही रोपवाटिकावाले वाढवू, आणि लोकांच्या अंगणात तेच पोचेल.