लग्नातला पाव्हणा आणि त्याचा पोशाख

लग्नसराई आली की आमच्या खेड्यापाड्यांतील घरांत दोन हिशेब सुरू होतात. पहिला मुलीच्या बापाचा. त्यावर आजवर पुष्कळ लिहून झाले आहे आणि यापुढेही लिहावे लागणार आहे. दुसरा हिशेब पाव्हण्याचा. त्याविषयी मात्र कोणी ब्र काढीत नाही. मावसभावाच्या मुलाचे लग्न, चुलत बहिणीच्या मुलीचे लग्न, साडूच्या घरचे लग्न अशा पाच-सहा पत्रिका एका वैशाखात दाराला लागतात, आणि घरचा कर्ता पुरुष विचारात पडतो की अंगावर घालू तरी काय?

बांधवांनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. रोजंदारीवर जाणारा सख्खा मामा भाचीच्या लग्नाला येत नाही आणि 'अंगात कणकण होती' असा निरोप पाठवितो. ही कणकण कसली असते, हे ज्याच्या पेटीत धड सदरा नाही त्यास विचारावे. आलाच तर तो मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून उभा राहतो, तांदूळ टाकतो आणि पहिल्या पंगतीची गर्दी ओसरली की जेवून निघून जातो. रक्ताचे नाते मागे उभे, आणि पुढच्या सोफ्यावर कोण? तर कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घातलेले पुढारी, ज्यांना नवऱ्या मुलीचे नावही पत्रिका वाचून कळते!

मग सत्कार सुरू होतात. ध्वनिक्षेपकावरून नावे पुकारतात, एकेकाला फेटा, एकेकाला शाल-श्रीफळ. मुहूर्त टळून जातो, म्हातारी माणसे व लेकरे उन्हात भुकेने कळवळतात, तरी नावे संपत नाहीत. त्यात फेट्यालाही प्रतवारी असते. व्याह्यांना जरीचा, भावकीतल्या वजनदारांना साधा, बाकीच्यांना टॉवेल-टोपी, आणि ज्याची गरज सरली त्याला काहीच नाही. चातुर्वर्ण्य मनूने पोथीत लिहून ठेवले असे आपण म्हणतो. ते आपण स्वतःच्या मांडवात कापडावर लिहून दाखवितो, त्याचे काय?

टॉवेल-टोपीची गोष्ट तर सर्वांस ठाऊक आहे. आपल्या लग्नात आलेली टोपी पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या डोक्यावर जाते, तिथून तिसऱ्याच्या. घडी न मोडलेले कापड गावोगाव हिंडत राहते आणि अखेर कोणाच्या तरी पेटीत कसर लागून मरते. शर्टपीस-पँटपीसचेही तेच. जी वस्तू देणाऱ्यास परवडत नाही आणि घेणारा वापरीत नाही, तिला मान म्हणायचे की वेठ?

बायकांच्या लुगड्यांवर आणि दागिन्यांवर टीका करण्याची आमच्या पुरुषमंडळींस मोठी हौस. तिने एक साडी जास्त मागितली की घर बुडाले असे ओरडतात. पण यंदा साऱ्या भावकीने एका रंगाचे जाकीट घालायचे असे चार तरुण पोरांनी ठरविले, तर ज्याचे कांद्याचे पैसे अजून आले नाहीत तोही अडत्याकडून उचल घेतो आणि जाकीट शिवतो. जावयाला जोधपुरी पाहिजे, त्याच्या भावाला मिळाला नाही तर रुसवा. हा खर्च कोणत्या लुगड्याच्या खात्यात मांडावा?

कपड्यावरून माणसाची पायरी ठरविण्याचा हा रोग नवा नाही. पेशवाईत मुंबईच्या सोनारांनी ब्राह्मणांसारखे निऱ्यांचे धोतर नेसून मागे खोचावे आणि एकमेकांस 'नमस्कार' म्हणावे, एवढ्यावरून केवढा गहजब झाला! नमस्कार हा शब्द सोनारांनी वापरू नये असा कंपनी सरकारचा हुकूम १७७९ साली निघाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली छापलेल्या आपल्या भाषणात ही हकिकत दिली आहे. हातोडी-सांडशीने पोट भरणाऱ्या कारागिराने धोतराची एक निरी कशी खोचावी, याचीही सत्ताधाऱ्यांना फिकीर! आणि आज त्याच शेतकरी-कारागिरांची नातवंडे 'पेशवाई थाटाचे लग्न' म्हणून भाड्याचा अंगरखा, भाड्याचे उपरणे आणि भाड्याची पगडी घालून मांडवात मिरवितात. ज्यांच्या अमलात आमच्या पणजोबांच्या धोतरावर पहारा होता, त्यांचेच सोंग पैसे मोजून आणावे, याहून मोठे नवल ते कोणते?

पाव्हण्याने काय घालावे याचा एक धडा जोतीरावांनी दिलेला आहे. १८८८ साली राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी पुण्यात हरि रावजी चिपळूणकरांनी मेजवानी केली. हरि रावजी जोतीरावांचे स्नेही, म्हणून त्यांनाही बोलावणे होते. जमलेली मंडळी भरजरी पोशाखात व दागिन्यांत. जोतीराव गेले ते शेतकऱ्याच्या वेशात. नुसते गेले नाहीत, तर उठून बोलले की या हिऱ्या-माणकांनी मढलेल्या लोकांवरून हिंदुस्थानची पारख करू नका. खरी प्रजा खेड्यात आहे, तिला शिक्षण द्या, हे राणीसाहेबांस कळवा. जोतीरावांनी कपडा गरिबीचे प्रदर्शन म्हणून घातला नव्हता. ज्यांच्या वतीने बोलायचे त्यांचाच वेश त्यांनी घातला. त्याच जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ च्या डिसेंबरात पुण्यात भटाशिवाय आणि फारशा खर्चाशिवाय लग्न लावून दाखविले. गाडगेबाबा तर अंगावर चिंध्या आणि हातात गाडगे घेऊन हजारो लोकांपुढे उभे राहत व कर्ज काढून लग्न करू नका असे कीर्तनात सांगत. त्यांच्या चिंध्या पाहून कोणी उठून गेले नाही.

परंतु याचा अर्थ फाटके घालून लग्नास जावे असा कोणी काढू नये. चांगल्या कपड्याशी आमचे वैर नाही. ज्यांना चांगले नेसणेच मना होते, त्यांच्यासाठी धुवट सदरा आणि कोट ही लढून मिळविलेली वस्तू आहे. महाडास १९२७ साली बाबासाहेबांनी बायकांस सांगितले की अस्पृश्य म्हणून ओळखू येईल असे नेसू नका. स्वतः ते सुटाबुटात वावरत, आणि ते योग्यच होते. राजस्थानात व गुजरातेत दलित नवरदेव साफा बांधून घोड्यावर बसला म्हणून वरात अडविल्याच्या, पोलीस बंदोबस्तात ती काढावी लागल्याच्या बातम्या आजही येतात. तेव्हा कोणाच्या अंगावर नवा कोट दिसला की त्याला उधळ्या म्हणण्याआधी, तो कोट त्याच्या घरात कितव्या पिढीत आला हे विचारावे. आमचे भांडण कपड्याशी नाही. कपड्यावरून बसायची जागा ठरविण्याशी आणि त्यासाठी काढलेल्या उसनवारीशी आहे.

मग घालावे काय? घरात असलेला, स्वच्छ धुतलेला सुती सदरा. खाली विजार, पँट किंवा धोतर, ज्याला जे अंगवळणी असेल ते. डोक्याला टोपी, रुमाल, फेटा बांधावासा वाटला तर स्वतःचा स्वतः बांधावा, नाहीतर बोडके यावे, देव काही टाळू मोजीत नाही. विदर्भात-खानदेशात वैशाखाच्या दुपारी पारा चाळिशीच्या वर जातो. तशा उन्हात पत्र्याच्या मांडवाखाली गळाबंद कोट घालून घाम पुसत बसण्यात कोणता मोठेपणा आहे? शिवाय तो कोट बहुधा पॉलिएस्टरचा, म्हणजे खनिज तेलापासून काढलेल्या धाग्याचा. ज्या मुलखात घरोघरी कापूस वेचतात, तिथला शेतकरी लग्नात तेलाचे कापड पांघरून बसतो आणि कापसाला भाव नाही म्हणून सरकारला शिव्या देतो. सरकारला शिव्या द्याव्यात, त्या त्याला लागूही आहेत. पण आपल्या अंगावरही एकदा नजर टाकावी.

यजमानानेही आपला वाटा उचलावा. 'कृपया आहेर आणू नये' असे आता पुष्कळ पत्रिकांवर छापतात. त्याखाली आणखी एक ओळ घालावी: 'फेटे व सत्कार होणार नाहीत, घरच्या कपड्यांत यावे.' बांधायचेच असतील तर सगळ्यांस सारखे बांधावेत, गडी-वाढप्यांसकट. तसे परवडत नसेल तर कोणासच नको. आणि मामाला पुढे बसवावे, मग त्याचा सदरा कसाही असो. पुढारी आले तर येऊ द्यावेत, अक्षता टाकून जाऊ द्यावेत, त्यांच्यासाठी मुहूर्त थांबवू नये.

यावर एक मित्र म्हणतात, 'तुमचे ऐकले तर फेटे बांधणाऱ्याचे आणि शिंप्याचे पोट कसे भरायचे?' प्रश्न रास्त आहे, कारण ते आपलेच लोक आहेत. फेटे बांधणाऱ्याचे काम हंगामी, ते काही प्रमाणात घटेल, हे आम्ही लपवीत नाही. नवरदेव व करवले तरी त्याच्याकडे येतीलच. शिंप्याचे मात्र उलट आहे. तयार जाकिटांनी आणि भाड्याच्या शेरवान्यांनी त्याचे यंत्र आधीच बंद पाडीत आणले आहे. घरोघरच्या पेट्यांत आहेरातली न शिवलेली सुती कापडे पडून आहेत, त्यांतले एकेक जरी यंदा गावच्या शिंप्याकडे शिवायला टाकले, तरी पाडव्यापासून ज्येष्ठापर्यंत त्याला मान वर करायला फुरसत मिळणार नाही.