गाडी नवी, पण कॅन जुनाच! इंजेक्टरचा भुर्दंड शेवटी गाडीवाल्याच्याच माथी

ई२० पेट्रोल आल्यापासून ॲव्हरेज पडलं, अशी तक्रार गावोगावच्या पारावर ऐकू येते. चर्चा मात्र इथेनॉलपाशीच थांबते. टाकीच्या पुढे, इंजिनाच्या तोंडाशी बसलेल्या बोटाएवढ्या इंजेक्टरकडे कुणी बघत नाही. नियम बदलले, गाड्या बदलल्या, पण गावात इंधन साठवायची आणि गाडी दुरुस्त करायची पद्धत तीच राहिली. खर्च वाढतोय तो तिथंच.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस६ नियम लागू झाला. तेव्हापासून बहुतेक मोटारसायकलींचा कार्बोरेटर गेला आणि इंजेक्टर आला. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरलाही धुराचे कडक नियम लागले. त्यामुळे त्यांच्यात कॉमन रेल इंजेक्टर आले. पिकअपमध्ये ते आधीपासूनच आहेत.

इंजेक्टर समजायला फवारणी पंपाचं नोझल डोळ्यासमोर आणा. नोझल चांगलं असेल तर धुकं पडतं, कचरा अडकला की धार लागते. धुक्यासारखं बारीक झालेलं इंधन हवेत मिसळून पूर्ण जळतं. धार पडली तर अर्धवट जळतं. मग धूर वाढतो, पिकअप जातो, डिझेल जास्त लागतं. फरक एवढाच, की इथं नोझल कधी उघडायचं आणि किती वेळ, हे गाडीतला छोटा कॉम्प्युटर ठरवतो, तेही सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजून.

पेट्रोल गाडीत हा दाब साधारण ३ बार असतो, म्हणजे कारच्या टायरमधल्या हवेच्या दीडपट. कॉमन रेल डिझेलमध्ये तो १,६०० ते २,००० बारपर्यंत जातो. भोकं मात्र केसाएवढी, साधारण ०.१ मिलिमीटरची. जुन्या ट्रॅक्टरचा पंप थोडी घाण सहन करायचा. इथं डोळ्याला न दिसणारा कणही आतला भाग घासून काढतो. शिवाय पंप आणि इंजेक्टरला वंगण मिळतं ते डिझेलचंच. त्यात पाणी किंवा रॉकेल गेलं की वंगण कमी पडतं आणि झीज सुरू होते.

आता गावात बघा. पंप लांब, म्हणून डिझेल कॅनमधून येतं. कॅन गोठ्यात उघडा, नरसाळं धुळीचं. मोटारसायकलला अडीनडीला दुकानातलं बाटलीतलं पेट्रोल. त्यात इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पाणी जास्त झालं तर इथेनॉल पाण्यासोबत खाली बसतं आणि गाडी तेच आधी ओढते.

ॲव्हरेजचं गणितही सरळ आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ताकद असते. ई२०साठी जुळवलेल्या गाड्यांचं ॲव्हरेज १ ते २ टक्के, तर इतरांचं ३ ते ६ टक्के घटू शकतं, असं केंद्र सरकारनंच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. बीएस६ गाडीत सेन्सर हवा-पेट्रोलचं प्रमाण बघून इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडायला लावतो. जुन्या कार्बोरेटरला ही सोय नाही. म्हणजे घरात जुनी गाडी असणाऱ्याला झळ जास्त. इथेनॉलमुळे कारखान्याकडे पैसा येतो, ऊसबिलाला हातभार लागतो, हे खरंच. पण ऊसवालाच पेट्रोलही भरतो. एका हाताला मिळालेलं दुसऱ्या हातानं किती जातं, हा हिशोब त्याला मांडावाच लागेल.

दुरुस्तीचं दुखणं वेगळंच आहे. जुनं नोझल गावचा फिटर खोलून साफ करायचा. कॉमन रेल इंजेक्टर तपासायला टेस्ट बेंच लागतो. बऱ्याच गाड्यांत नवा बसवला की त्याचा कोड स्कॅनरनं कॉम्प्युटरला द्यावा लागतो. ही सोय शहरात. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर तिकडं अडकला तर बिलापेक्षा गेलेली वापसाच महागात पडते. आणि गावच्या फिटरचं कामही जातं.

म्हणून काही गोष्टी आजच करण्यासारख्या आहेत. कॅन वेगळा, झाकणाचा ठेवा आणि डिझेल गाळून भरा. फिल्टरखालचं पाणी वेळच्या वेळी सोडा, फिल्टर कंपनीनं सांगितलेल्या तासांवर बदला. मोटारसायकल कायम रिझर्व्हवर पळवू नका, टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. पेट्रोल पंपावर शंका आली तर फिल्टर पेपर मागा, तो ग्राहकाचा हक्क आहे.

बाकीचं काम सरकारचं आणि कंपन्यांचं. तालुक्याच्या आयटीआयमध्ये गावच्या फिटरांसाठी स्कॅनर आणि इंजेक्टरचं छोटं प्रशिक्षण सुरू व्हायला हवं. धुराचे नियम दिल्लीत ठरतात, ते पाळणारी गाडी मात्र बांधावर चालते. ती बांधाजवळच दुरुस्त होण्याची सोय झाली, तरच हा बदल शेतकऱ्याला परवडेल.